चवीपुरता गूळ

मी एक जुना घडीचा चाकू आहे, मित्रांनो. पातं मुठीत मिटून खिशात टाकतात ना, तसला. माझी धार आता गेली आहे, बिजागरी कुरकुरते, पण आठवणी शाबूत आहेत. मी जन्मभर गुळाशिवाय दुसरं काही कापलं नाही. कांदा नाही, लिंबू नाही, साधी सुतळीसुद्धा नाही. तेव्हा चाकूची गोष्ट म्हणून मारामारीची वाट बघत बसला असाल, तर आताच उठा. माझ्या गोष्टीत एक माणूस मरतो, पण गोडानं मरतो. चाकूचा वार निदान सगळ्यांना दिसतो. गोडाचा वार कुणाला दिसत नाही, आणि ज्याला लागतो त्यालाही कळत नाही.

माझा जन्म कंधारचा. तिथल्या एका लोहारानं मोटारीच्या मोडक्या कमानीची पट्टी भट्टीत तापवून मला घडवलं. तो कारागीर मोठा तोंडाळ, पण हाताचा पक्का. त्यानं मला आधी म्हशीच्या शिंगाची मूठ बसवली होती आणि तो स्वतःवर भलताच खूष होता. तेवढ्यात औशाहून एका लग्नाला आलेले ईश्वरप्पा त्याच्या दुकानासमोर थांबले. पांढरं धोतर, अंगात बंडी, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. त्यांनी मला हातात घेतलं, अंगठ्यानं धार पाहिली, खूष झाले, आणि मुठीकडं लक्ष जाताच मला खाली ठेवलं.

"शिंग? आम्ही लिंगायत हाव. गुळाला शिंगाचा हात लावू का मी?"

लोहार पुटपुटला, पण गिऱ्हाईक सोडायचं नव्हतं. त्यानं शिंग काढलं आणि शिसवाची मूठ बसवली. असा मी औशाला आलो आणि ईश्वरप्पांच्या बंडीच्या डाव्या खिशात राहू लागलो. चांदीची ती डबी माझी शेजारीण झाली. आम्हा दोघांच्या मागं त्यांचं काळीज चालायचं, एकसारखं आणि भरदार.

ईश्वरप्पांची औशाच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, गुळाची अडत होती. शेतकरी गुऱ्हाळावरून बैलगाडीत ढेपी घालून आणायचे, अप्पा त्या पारखायचे आणि व्यापाऱ्यांना विकून द्यायचे. गुळाची पारख डोळ्यांनी अर्धीच होते. उरलेली जिभेनं. अप्पा माझं पातं उघडायचे, ढेपीला एक खाच पाडायचे आणि पात्याच्या टोकावर आलेला कपटा जिभेवर ठेवून डोळे मिटायचे. मग सांगायचे, ऊस कोणत्या मातीतला, रस किती आटवला, मळी काढताना घाई केली का. एकदा त्यांनी एका शेतकऱ्याला सांगितलं की तुझ्या गुऱ्हाळाची कढई ह्या आठवड्यात बदलली आहे. तो माणूस पाया पडला. साऱ्या तालुक्यात "अप्पाची जीभ" म्हणून बोलबाला झाला. आता जिभेपर्यंत गूळ नेणारा कोण, हे कुणी विचारलं नाही, पण जाऊ द्या. चाकूनं मान मागायचा नसतो.

अप्पांचा एक धाकटा भाऊ होता, वीरण्णा. गोड गळ्याचा, हसरा. त्याला दारूचा नाद लागला. मोंढ्याच्या मागं हातभट्टी चालायची, तिथून तो डुलत यायचा. एक दिवस अप्पांनी त्याला भर बाजारात हाताला धरून घराबाहेर काढलं. "गळ्यात लिंग आन् हातात बाटली! ह्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावू नको." वीरण्णा भाड्याच्या खोलीत गेला. पुढं त्याचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं, आणि तो तिथंच गेला. अप्पा मातीला गेले, रडलेही. पण नंतर मठात सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "दारूनं माझ्या भावाचं लिव्हर सडलं. बघून घ्या आन् शाहणे व्हा." त्यांनी खटपट करून ती हातभट्टी उठवली. तेव्हापासून मठात त्यांना पुढची जागा मिळू लागली. माणसं आपल्या पोरांना सांगत, व्हायचं तर अप्पासारखं निर्व्यसनी व्हा.

काही वर्षांनी आमचा लातूर जिल्हा झाला. अप्पांनी स्टँडवर ढेप फोडली आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर गूळ ठेवला. आता प्रत्येक कामाला उस्मानाबादचे हेलपाटे नकोत, म्हणून माणसं खुशीत होती. नव्या कचेऱ्या आल्या, नव्या जीपगाड्या आल्या, आणि औशातही एक नवे डॉक्टर आले. हदगावकडचे, सोनकांबळे नावाचे. तरुण होते, मोठ्यानं बोलायचे आणि रोग्याला आजार समजावून सांगायचे. लोकांना त्याचीच नवलाई होती, कारण आधीचे डॉक्टर सुई टोचून बोळवण करायचे.

त्याच सुमाराला अप्पांना तहान फार लागायला लागली. न्हाणीतल्या मोरीला मुंग्या लागलेल्या त्यांच्या पत्नीनं, गौरम्मानं, पाहिल्या आणि त्यांना धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं पाणी हिरवं झालं, पिवळं झालं आणि शेवटी विटेसारखं लाल.

"अप्पा, साखरेचा आजार आहे. गोड खाता का?"

"आजपासून बंद."

अप्पा शब्दाचे पक्के. त्याच दिवसापासून बिनसाखरेचा चहा. लग्नाच्या पंगतीत पुरणपोळी आली की ताटावर हात आडवा. गौरम्मा कारल्याचा रस काढून द्यायची, तो अप्पा तोंड वाकडं न करता प्यायचे. लोक म्हणायचे, मन असावं तर असं. आणि अप्पा सकाळी अडतीवर यायचे, मला उघडायचे आणि पहिल्या ढेपीला खाच पाडायचे.

मित्रांनो, ह्यात अप्पांची लबाडी नव्हती, हे आधी ध्यानात घ्या. गूळ चाखणं त्यांच्या लेखी खाणं नव्हतंच. ते काम होतं. सोनार सोनं घासतो म्हणून काय तो सोनं खातो? तसंच हे. डॉक्टर दर खेपेला विचारायचे, गोड बंद आहे ना? आणि अप्पा स्वच्छ मनानं सांगायचे, हाव, पार बंद. बाजाराच्या दिवशी गाड्यांची रांग मोंढ्याच्या फाटकाबाहेर जायची. एकेका गाडीत किती ढेपी, आणि प्रत्येक ढेपीचा एक कपटा. पोटात गेल्यावर गुळाला कुठं कळतं, आपण कामासाठी आलो की हौसेसाठी?

मग दुष्काळ पडला. एक पावसाळा कोरडा गेला, तेव्हा माणसं म्हणाली, पुढचा बरा जाईल. पुढचाही कोरडाच गेला. औशात टँकरपुढं घागरींच्या रांगा लागल्या, रोजगार हमीच्या खडीवर चांगल्या घरच्या बाया दिसू लागल्या. विहिरी तळाला गेल्या आणि तळाचं पाणी मचूळ झालं. तेच पाणी पिऊन जो काही ऊस तगला, त्याचा गूळ खारट निघू लागला. व्यापारी कुरकुर करायला लागले. आता अप्पा एका ढेपीला दोनदा चाखू लागले, एकदा वरून आणि एकदा खोल गाभ्यातून. गाड्या कमी झाल्या, पण चाखणं वाढलं. साऱ्या गावाचे गाल बसलेले असताना अप्पांचं पोट मात्र बंडीच्या गुंड्या ताणू लागलं.

अडतीवरच्या हमालांचा मुकादम केरबा अप्पांच्या बरोबरीचा होता आणि त्यालाच काय ती थट्टेची मुभा होती. "अप्पा, सरकारनं गाव दुष्काळी जाहीर केलं, तुमचं पोट तेवढं ऱ्हायलं." अप्पा खदखदून हसायचे. हसताना धाप लागायची, ती मला खिशात कळायची. केरबालाही कळली असावी, कारण पुढं त्यानं ती थट्टा सोडून दिली.

डॉक्टरांनी एकदा अप्पांना आडवं झोपवून उजव्या बरगडीखाली बोटं रुतवली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. सोलापूरला पोटाचा फोटो काढणारं नवीन यंत्र आलं होतं, तिथं पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की लिव्हरवर चरबी चढली आहे, लिव्हर सुजलं आहे. एवढं बोलून त्यांनी सहज विचारलं, "घेता का?"

त्या दोन शब्दांनी अप्पा मनातून जे कोसळले ते पुन्हा उठले नाहीत. एस.टी.त बसून औशाला येईपर्यंत त्यांनी खिडकीबाहेर बघितलं नाही. लिव्हर. वीरण्णाचं सडलं ते लिव्हर. ज्या तोंडानं मठात भावाचं नाव घेऊन पोरांना धाक घातला, त्या तोंडानं आता आपल्यालाही तेच झालं म्हणून सांगायचं? लोक काय म्हणतील, हे त्यांना आधीच ऐकू यायला लागलं होतं. दोघं भाऊ सारखेच, एक उजेडात प्यायचा, एक अंधारात. घरी आल्यावर गौरम्मानं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पित्त हाय. काय न्हाई." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दवाखान्याचा रस्ताच सोडला. सोनकांबळे डॉक्टरांच्या गोळ्या संपल्या, त्या पुन्हा आणल्या नाहीत.

मला माणसांचा राग येतो तो इथं. पात्यावर गंज चढला तर चाकू लपवत नाही. माणूस मात्र जीव जाईल, पण गंज दिसू देणार नाही.

बरेच दिवस अप्पा आले नाहीत, म्हणून डॉक्टर स्वतःच अडतीवर आले. सकाळची वेळ, माणसं होती. डॉक्टरांचा आवाज मोठा, आणि मनात काळजी.

"अप्पा, लिव्हरचं ऐकून बसून राहिलात होय? दारू न पिताही होतं ते. साखर अंगात मुरली, पोट सुटलं, की लिव्हरवर चरबी चढते. आणि मला लिव्हरपेक्षा तुमच्या हृदयाची धास्ती जास्त आहे. ही दोन्ही दुखणी एकाच घरात वाढतात."

मोंढ्यातली दोन-तीन डोकी वळली. अप्पांचं काळीज माझ्या पाठीमागं धाडधाड उडालं.

"डॉक्टरसाब, इथं हा विषय नको. हे काय बोलायलाव तुम्ही? माझ्या दुकानात तो शब्द काढू नका."

"मग दवाखान्यात या."

"येतो. सुगी होऊ द्या."

सुगी कसली? शेतात काही नव्हतंच. डॉक्टर निघून गेले. केरबा पोत्यावर बसून सगळं ऐकत होता. डॉक्टर गेल्यावर तो जवळ आला आणि हळू म्हणाला, "अप्पा, तुम्ही पीत न्हाई, ते मला ठावं हाय. जावा की."

"तुला ठावं हाय, गावाला न्हाई," अप्पा म्हणाले.

त्यानंतरच्या एका बाजाराच्या दिवसाची गोष्ट. कडक ऊन होतं, पण अप्पा सावलीत गादीवर बसले होते. एकाएकी त्यांच्या अंगाला घाम सुटला. साधा घाम नाही, बंडी पिळावी असा. माझं पातंसुद्धा ओलं झालं. त्यांच्या काळजाची चाल चुकली. एक ठोका पडायचा, मग थांबायचं, मग दोन एकदम. मी तिथंच होतो, मी ऐकत होतो, आणि अप्पांना मात्र काही दुखत नव्हतं! "गॅस धरलाय," ते म्हणाले. ओवा मागवला, सोडा मागवला, ढेकर आली तसं बरं वाटलं म्हणाले.

तेवढ्यात एक जुना व्यापारी सौद्याला आला. आमच्याकडं जुन्या माणसांत रुमालाखाली हातात हात घालून सौदा व्हायचा. बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडानं बोलायचं नाही. अप्पांनी रुमालाखाली हात घातला. व्यापाऱ्यानं बोटं दाबली. अप्पा वाट बघतच राहिले. त्यानं पुन्हा दाबली.

"दाब की," अप्पा म्हणाले.

"दाबून राहिलो की अप्पा! जोरानं दाबून राहिलो."

अप्पांच्या बोटांना काहीच कळत नव्हतं. त्यांनी रुमाल काढून आपल्याच हाताकडं पाहिलं, दुसऱ्याचा हात असावा तसं. व्यापारी ओशाळून निघून गेला. केरबा म्हणाला, दवाखान्यात चला, मी सायकल आणतो. अप्पांनी मान हलवली. दवाखान्यात गेलं की लिव्हरची गोष्ट निघणार, आणि बाजाराच्या दिवशी दवाखाना माणसांनी भरलेला असतो.

पुढच्या दिवसांत त्यांच्या पायांवर सूज आली. घरातल्या माडीचा जिना चढताना मध्येच बसायला लागले. शेवटी गौरम्मानं त्यांचं काही चालू दिलं नाही. केरबानं त्यांना जीपमध्ये बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीला तारा लावल्या, यंत्रातून कागदाची पट्टी निघाली. बंडी खुंटीला टांगली होती आणि मी तिच्या खिशात होतो. डॉक्टर पट्टी बघतच राहिले.

"अप्पा, तुम्हाला हृदयाचा मोठा झटका येऊन गेलाय."

"कधी? माझी छाती तर दुखली न्हाई."

"दुखायचीच नव्हती. साखरेनं बोटांच्या नसा बधिर केल्या, तशा आतल्याही केल्या. दुखणं सांगणारंच कुणी शिल्लक नव्हतं. हृदयाचा बराच भाग गेलाय. आत्ताच्या आत्ता सोलापूर गाठा. मी चिठ्ठी देतो, त्यात लिव्हरचंही लिहितो, तिथल्या डॉक्टरांना कळायला हवं."

गौरम्मा दारात उभी होती. अप्पांच्या बाबतीत लिव्हर हा शब्द तिनं पहिल्यांदा ऐकला. ती दोन पावलं पुढं आली आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तिला दिराचे पिवळे डोळे आठवले असणार. तिनं फार हळू विचारलं,

"तुमी... पीत होता का?"

इतक्या वर्षांच्या संसाराची बाई. रोज पहाटे त्यांच्या पूजेला पाणी ठेवणारी, त्यांच्या हातचं भस्म कपाळाला लावणारी. तिनंच विचारलं. अप्पांनी खुंटीवरच्या बंडीकडं हात केला. केरबानं बंडी दिली. अप्पांनी खिशातून मला काढलं आणि तिच्या हातात ठेवलं.

"हे," ते म्हणाले. "हे चाखत होतो, गौरा. लई चाखलं."

डॉक्टर खाली खुर्चीवर बसले. इतकी वर्षं ते विचारत आले होते, गोड बंद आहे ना, आणि उत्तर आज मिळालं होतं. गौरम्मानं मला मुठीत घट्ट धरलं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण तोंडून "तुमी पीत न्हाई, ते मला ठावं होतं" असं काही निघालं नाही, कारण तिला ठाऊक नव्हतं. अप्पा तिच्या तोंडाकडंच बघत होते. त्यांना तेवढंच ऐकायचं होतं.

जीप सोलापूरच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना करपलेली रानं, वाटेतल्या कोरड्या हौदांवर तहानलेली जनावरं. गौरम्मानं अप्पांचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि मी तिच्या मुठीत होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांच्या छातीवर नव्हतो. त्यामुळं ते काळीज कुठं थांबलं, हे मला सांगता येणार नाही. तुळजापूरच्या अलीकडं गौरम्मा एकदम ओरडली, "गाडी थांबवा," आणि ड्रायव्हरनं गाडी थांबवली. पुढं जाण्यात काही अर्थ उरला नव्हता.

आमच्या रिवाजाप्रमाणं अप्पांना बसवून माती दिली. माणसं खूप आली. मोंढा बंद राहिला. पण दवाखान्यातली गोष्ट गावात आधीच पोचली होती, आणि ती अर्धीच पोचली होती. लिव्हर पोचलं, गूळ पोचला नाही. ओसरीवर बसलेल्या माणसांत कुजबुज चालायची आणि गौरम्मा बाहेर आली की थांबायची.

तिला कळलं. तिनं पदर सावरला, मला उघडलं आणि भेटायला येईल त्याला दाखवायला सुरुवात केली. "हे बघा, ह्याच्यानं गूळ चाखत होते. ढेपी ढेपी चाखत होते. दारूचा थेंब न्हाई शिवला माझ्या माणसानं. इचारा डॉक्टरला." माणसं माझ्याकडं बघायची, तिच्याकडं बघायची आणि मान हलवायची. "हाव, हाव, गौरम्मा. तसंच असंल." केरबानं शपथा घेतल्या. लोक म्हणाले, मालकाचं मीठ खाल्लंय, बोलणारच. डॉक्टर मठात जाऊन समजावून आले. लोकांनी ऐकून घेतलं, त्यांना चहा दिला, आणि डॉक्टरांची पाठ वळल्यावर कुणीतरी हसलं.

गौरम्मा अजून मला दाखवते, मित्रांनो. आता दाखवायला माणसंही फारशी येत नाहीत. कधी पोस्टमन येतो, कधी शेजारची सिंधु वाटीभर साखर मागायला येते, तिला दाखवते. ती पोर बिचारी मान हलवते आणि साखर घेऊन जाते.

म्हणून माझं तुमच्याकडं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणाला साखरेचा आजार असेल, तर छातीत कळ यायची वाट बघत बसू नका, कळ येईलच असं नाही. धाप लागली, घाम फुटला, की उचला आणि घेऊन चला. चिमूटभर गोडही गोडच असतं, हे त्याला प्रेमानं सांगा. आणि कधी त्याच्या लिव्हरचं नाव निघालं, तर आधी त्याच्या तोंडाचा वास घेऊ नका. आमच्या अप्पांना सांगायची लाज वाटली आणि त्या लाजेपायी दिवस गेले. शेवटी त्यांनी सांगितलं तेव्हा समोर त्यांचं सगळ्यात जवळचं माणूस होतं, आणि तिनंही त्यांना आधी हेच विचारलं होतं, की पीत होता का.